लॉन्ड्रीतला दिवेवाला

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. हातात मावणारा नव्हे हं! कपाटाएवढा उंच, लाकडी अंगाचा, पोटात जाड काचेची चित्रनळी आणि पुढे एक दांडा नि एक बटण असलेला. माझ्यासमोर उभं राहून खेळावं लागतं. बसून खेळायचे गेम नंतर आले. त्यांची गोष्टही मी सांगणार आहे, कारण त्यांच्यामुळे माझ्या गळ्याशी आलं होतं आणि त्यांच्यामुळेच मी वाचलो.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाजूला सुतार पेट्या ठोकत, दुसऱ्या बाजूला बायका ओळीने बसून तारा जोडत. माझ्या तारा जोडणाऱ्या बाईंचा चष्मा कायम कपाळावर असायचा आणि त्या तो टेबलावर शोधत असायच्या. सगळं जोडून झाल्यावर एक तपासनीस आला. तो पहिला मजला खेळला, दुसरा खेळला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चालतोय. पुढचा आणा." पुढचे मजले त्याने पाहिलेच नाहीत. बिचाऱ्याला दिवसभरात माझी कितीतरी भावंडं तपासायची होती.

माझं नाव ‘दिवेवाला’. समुद्रात एक दीपगृह आहे. खालून पाणी चढतंय. टोपी घातलेला एक छोटा माणूस शिड्या चढत, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारत, प्रत्येक मजल्यावरचे दिवे लावत वर जातो. डावीउजवीकडून पांढरे पक्षी झेपावतात. पक्षी लागला की दिवेवाला पडला. असे चार मजले. आणि त्यांच्यावर पाचवा, घुमट. घुमटात मिट्ट काळोख. दिवेवाल्याच्या टोपीचा पिवळा ठिपका तेवढा दिसतो. तिथला मोठा दिवा लावला की खेळ जिंकला. पण मी ज्या गावात आलो, तिथे तो दिवा कुणीच लावू शकलं नव्हतं. लोक घुमटापर्यंत पोचत आणि दोन उड्यांत पाण्यात जात.

मला विकत घेतलं एका लॉन्ड्रीवाल्या बाईंनी. त्यांना सगळे आत्या म्हणत. गेम आणि लॉन्ड्रीचा काय संबंध, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "थांबलेलं गिऱ्हाईक जांभया देतं. जांभया देणारं गिऱ्हाईक घड्याळ बघतं. आणि घड्याळ बघणारं गिऱ्हाईक भांडतं. त्यापेक्षा खेळू दे की!"

माझी जागा इस्त्रीच्या टेबलाशेजारी होती. समोर धुलाईची चार मोठी यंत्रं सकाळपासून घरघरत. वाफेने माझी काच ओलसर व्हायची, अंगाला साबणाचा वास लागायचा. पण काय दिवस होते ते! एक चादर धुवायला आणायचे आणि तिघं जण सोबत यायचे. चादर वाळून घडी होऊन कपाटात जायची, तरी मंडळी माझ्यापुढून हलायची नाहीत. कुणी चौथ्या मजल्यावर पोचला की सगळी लॉन्ड्री माझ्याभोवती गोळा व्हायची. आत्या ओरडायच्या, "अरे, माझ्या शर्टांवर टेकू नका!" आणि ओरडता ओरडता स्वतःही मान वर करून बघायच्या.

इस्त्रीच्या टेबलावर वहिनी काम करत. मोठी तिखट बाई. हात कॉलरवर, कान जगावर आणि जीभ मोकळी. त्यांचे यजमान रंगारी. इमारतींना बाहेरून रंग द्यायचं त्यांचं काम. संध्याकाळी वहिनींना घरी न्यायला येत, तेव्हा नखांत रंग आणि केसांत चुन्याचे ठिपके. वहिनींची शेवटची घडी होईपर्यंत ते माझ्याशी खेळत.

मित्रांनो, माझ्या दांड्याला हजारो हात लागले असतील, पण रंगारीदादांसारखा हात नाही. ते दांडा हिसकत नसत. शिडीवरचा माणूस कसा पाय टाकतो ते त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. दिवेवाला त्यांच्या हाती आला की नीट चालायचा. घुमटापर्यंत ते कितीदा तरी पोचले. दर वेळी काळोखात पडले आणि हसत म्हणाले, "उद्या बघू."

वहिनी म्हणायच्या, "दिवसभर शिड्या चढून पोट भरत नाही का तुमचं?"

"अगं, इथे पडलो तर लागत नाही," ते म्हणायचे.

आणि एका सकाळी ते खरोखरचे पडले. एका शाळेच्या भिंतीला रंग देताना लाकडी परांचीची फळी सरकली. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून ते खाली आले. निरोप लॉन्ड्रीतच आला. वहिनींनी हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि पायांत चप्पल न घालता धावत गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या टेबलावर आत्या स्वतः इस्त्री करत होत्या. घड्या वाकड्या यायच्या, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

दादा वाचले. पाय आणि कंबर, दोन्हीकडची हाडं जुळली. वहिनी पुन्हा कामावर आल्या. मला वाटलं, आता एका संध्याकाळी दारात दादाही दिसतील. पण ते आले नाहीत.

"डॉक्टर म्हणतात हाड पक्कं झालंय," वहिनी आत्यांना सांगत होत्या. "घरात चालतात. पण उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. काल दिवा बदलायचा होता. साधं स्टूल! त्यावर एक पाय ठेवला आणि घामाघूम होऊन खाली उतरले. मीच चढले मग. तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं."

"काही बोललीस का तू?"

"मी? मी काय बोलणार? आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचलं नाही."

त्याच सुमारास माझेही वाईट दिवस सुरू झाले. घरच्या टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम बाजारात आले. एक चपटी पेटी, तिला वायरीने बांधलेला छोटा दांडा, आणि वरून खोचायची कॅसेट. त्या कॅसेटीत कोण असावं? मीच! म्हणजे माझाच ‘दिवेवाला’, पण आटवलेला. टोपी गेली, डोक्यावर नुसता चौकोन राहिला. समुद्र निळ्याचा करडा झाला. छोट्याशा कॅसेटीत मावेना म्हणून घुमट तर कापूनच टाकलेला. चौथा मजला संपला की पुन्हा पहिला. पण घरबसल्या, हवं तितका वेळ आणि नाणं न टाकता! मग माझ्याकडे कोण येणार? लोक कपडे टाकून जाऊ लागले, घरी खेळून मग न्यायला येऊ लागले. माझ्या डोक्यावर धुवायची गाठोडी ठेवली जाऊ लागली. बटणात साबणाची पूड अडकली. एक दिवस कुणीतरी माझ्या दांड्यावर ओला मोजा वाळत घातला. मित्रांनो, मी रागीट नाही, पण तो मोजा मला अजून आठवतो.

तशी एक पेटी वहिनींच्या घरीही आली. बोटीवर आचारी असलेल्या त्यांच्या भावाने भाचीसाठी आणली. भाचीला, म्हणजे वहिनींच्या मुलीला, सगळे चिमणी म्हणत. मी मनातून जळफळलो. ज्या घरातला माणूस माझ्यापासून दुरावला, त्याच घरात ही माझी बुटकी नक्कल जाऊन बसली होती! पण पुढे काय घडलं ते वहिनींनी कॉलरी दाबता दाबता आत्यांना रोज सांगितलं, आणि मी शेजारी उभा राहून ऐकत गेलो.

चिमणी जमिनीवर बसून खेळायची. दादा खाटेवरून बघायचे. दिवेवाला पडला की डोळे मिटून घ्यायचे. चिमणीच्या ते लक्षात आलं होतं. एकदा शिडीच्या मध्यावर दिवेवाला असताना ती अचानक उठली.

"बाबा, हे धरा ना. मला जोरात लागलीये."

"अगं, थांब! मी नाही—"

"पडेल तो, बाबा! धरा!"

ती पळाली. दांडा दादांच्या हातात. दिवेवाला शिडीवर, खाली पाणी. दादांनी त्याला वर चढवला. एक मजला, मग दुसरा. तिसऱ्यावर तो पडला. दादांचा चेहरा पांढरा झाला. पण पडद्यावर दिवेवाला पुन्हा तळाशी उभा राहिला होता, अंगबिंग झटकल्यासारखा. दादा त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी दांडा पुढे ढकलला. चिमणी दाराआड उभी राहून बघत होती. तिला कुठलीच घाई लागलेली नव्हती.

तेव्हापासून बापलेक रोज खेळू लागले. आणि त्या बुटक्या पेटीचा एक दोष त्यांच्या ध्यानात आला. तिच्या अंगात माझ्याइतकी ताकद नव्हती. एका वेळी तीनचार पक्षी आले की सगळे तिला दाखवता येत नसत. मधलाच एखादा दिसेनासा व्हायचा. न दिसणारा पक्षी येऊन धडकायचा आणि दादा चिडायचे, "हा काय न्याय झाला?"

पण चिमणी लहान असली तरी कानाची तिखट. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, बघू नका, ऐका. पक्षी यायच्या आधी आवाज होतो. डावीकडून आला तर टिक. उजवीकडून आला तर टुक."

दादांनी ऐकलं. खरंच की! टिक. टुक. टुक. टिक. मित्रांनो, हे आवाज माझ्याही पोटात पहिल्या दिवसापासून होते. मी प्रत्येक पक्ष्याआधी इमानाने वर्दी देत होतो. पण समोर चार यंत्रं घरघरत असताना ती कुणाच्या कानी पडणार? त्या शांत खोलीत, त्या गरीब पेटीने ती वर्दी ऐकवली. त्या दिवशी माझा तिच्यावरचा राग पार विरघळला. भावंडं अशीच असतात बहुतेक. एकाला जे सांगता येत नाही, ते दुसरं सांगून टाकतं.

इकडे लॉन्ड्रीत माझा निकाल लागला होता. आत्यांना माझ्या जागी कपडे वाळवायचं नवं यंत्र ठेवायचं होतं. सुटे भाग काढून विकणाऱ्या एका मेकॅनिकला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. "तरी चांगला चालला हो," आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. वहिनींनी त्या रात्रीच्या जेवणात ही बातमी सांगितली. दादांनी मान खाली घालून जेवण संपवलं आणि हात धुतले.

सकाळी मेकॅनिक आला. त्याने माझ्या पाठीचे दोन स्क्रू काढले होते, इतक्यात दारातली घंटी वाजली. वहिनींनी वर पाहिलं आणि त्यांच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

दारात दादा उभे होते. दाढी केलेली. एक हात चिमणीच्या खांद्यावर. घरापासून लॉन्ड्रीपर्यंतचा सगळा रस्ता ते चालत आले होते.

"आत्या," ते म्हणाले, "त्याला न्यायच्या आधी एकदा खेळू द्याल?"

आत्यांनी मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिक कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मला पुढे दोन ठिकाणी जायचंय हो. लवकर आटपा."

दादांनी माझ्या डोक्यावरची गाठोडी उतरवली. बाहीने काच पुसली. चिमणीने फुंकर मारून बटणातली पूड उडवली. मी उजळलो. किती दिवसांनी!

पहिल्या खेळात ते दुसऱ्या मजल्यावर पडले. छोट्या दांड्याची सवय झालेली, माझा दांडा त्यांना जड वाटत होता. मेकॅनिकने पाना वाजवला. दुसऱ्या खेळात तिसऱ्या मजल्यावर पडले. दोघं गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. तिसऱ्या खेळात हात जागेवर आला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. दिवेवाला पूर्वीसारखा चालायला लागला. वहिनी इस्त्री बंद करून जवळ आल्या. चौथा मजला. शेवटचा दिवा लागला आणि घुमटाचं दार उघडायचं छोटंसं गाणं मी सुरू केलं. ते गाणं संपलं की काळोख.

दादांनी कान माझ्याकडे केला आणि त्यांचा चेहरा पडला. घर्र घर्र घर्र! धुलाईच्या यंत्रांपुढे काही ऐकू येईना.

"आत्याआजी!" चिमणी किंचाळली. "यंत्रं बंद करा! बाबांना ऐकायचंय!"

"वेडी का तू? कामाच्या वेळी?" आत्या म्हणाल्या. उभ्या हयातीत त्यांनी कामाच्या वेळी यंत्रं थांबवली नव्हती.

पण वहिनी भिंतीवरच्या बटणांच्या फळीपाशी पोचल्यासुद्धा. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला! त्या फळीवर दोन मोठी बटणं शेजारी शेजारी होती. एक यंत्रांचं. दुसरं माझं. गाणं संपत आलं होतं. वहिनींचा हात एकावर गेला, थांबला, दुसऱ्यावर गेला. खट्!

आणि मी चालूच राहिलो.

चारही यंत्रं उसासा टाकून थांबली. पाणी गळण्याचा आवाज आला, मग तोही नाही. लॉन्ड्रीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. घुमट काळा झाला. काळोखात पिवळा ठिपका.

टिक.

दादांनी ठिपका उजवीकडे सरकवला. न दिसणारा पक्षी सळकन बाजूने निघून गेला.

टुक. टुक. वाकले. उडी. फळी मिळाली, खालच्या मजल्यांवर असते तिथेच. टिक. थांबले. मागे कुणीतरी खोकायला लागलं, तर आत्यांनी स्वतः त्याच्या तोंडावर टॉवेल दाबला. टुक. टिक. टुक. एक शिडी. मध्येच फळी संपली, ठिपका एकदम पुढे कलला. दादांच्या मानेवरून घाम ओघळला. वहिनींनी डोळे मिटले. दादांनी मिटले नाहीत. त्यांनी दिवेवाल्याला हळूच मागे घेतलं, एक श्वास घेतला आणि उडी मारली.

ठिपका वर पोचला. दिवा लागला.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! ते चित्र माझ्या पोटात जन्मापासून होतं, पण मीही ते कधी बाहेर काढलं नव्हतं. आधी एक पिवळी रेघ फिरली. तिच्या मागोमाग अख्खा समुद्र उजळला. काळोखात थांबलेली गलबतं दिसू लागली, एक, दोन, पाच, मोजताच येईनात, आणि सगळी दीपगृहाकडे वळली. वरून फटाक्यांसारखे तारे उडाले. मी माझ्याजवळचे सगळे आवाज एकदम वाजवले. त्या घुमटातला दिवा आमच्या गावात प्रथमच लागला होता.

लॉन्ड्रीत एकच गलका झाला. अनोळखी गिऱ्हाइकं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. चिमणी ओल्या फरशीवर नाचली आणि घसरून बसली. दादा दांडा सोडायला तयार नव्हते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

मेकॅनिकने पाना खिशात घातला. "इतके गेम खोलले मी," तो म्हणाला, "पण आत हे असतं हे माहीत नव्हतं. दादा, पुन्हा एकदा दाखवाल?"

"तुम्हाला दोन ठिकाणी जायचं होतं ना?" आत्यांनी विचारलं.

"ती कुठे पळतायत?"

"बरं. मग त्याच्या पाठीचे स्क्रू परत लावा, आणि ते बटण अडकतंय तेही बघा. हा कुठेही जाणार नाही. आणि आता कुणीतरी माझी यंत्रं सुरू करा रे, साबण वाळतोय!"

वहिनींनी पदराने नवऱ्याचा चेहरा पुसला. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील. त्या म्हणाल्या, "जिंकलात ना? मग घरी चला. माळ्यावरचं मोठं पातेलं काढायचंय. स्टूल मी धरते."

त्या संध्याकाळी दादा स्टुलावर चढले. पातेलं काढलं. एका दिवसात सगळं झालं असं मात्र समजू नका. स्टुलानंतर टेबल, टेबलानंतर शिडीच्या तीन पायऱ्या, असं करत करत बरेच महिने गेले. भीती संपली असं ते कधीच म्हणाले नाहीत. कमरेला दोर बांधल्याशिवाय ते पुन्हा कधी परांचीवर चढले नाहीत आणि हाताखालच्या माणसांनाही चढू दिलं नाही. पण ज्या शाळेच्या भिंतीवरून ते पडले होते, ती अर्धीच रंगवून राहिली होती. ती त्यांनी पूर्ण केली. त्या दिवशी आत्यांनी लॉन्ड्री बंद ठेवली आणि सगळ्यांना भिंत बघायला नेलं. मला नेता येईना, पण वहिनींनी येऊन मला रंगसुद्धा सांगितला. फिका हिरवा.

माझं म्हणाल तर मला पुन्हा सोन्याचे दिवस आले. ज्यांच्या घरी बुटकी पेटी होती, तेच पाचवा मजला बघायला रांग लावू लागले. घरी कान तयार करायचा आणि माझ्याकडे येऊन घुमट चढायचा, अशी रीतच पडली. आत्यांनी दुपारी एक तास यंत्रांना विश्रांती द्यायला सुरुवात केली. वाळवायच्या नव्या यंत्राला मागच्या खोलीत जागा मिळाली.

आता आत्या थकल्या आहेत, लॉन्ड्री वहिनी चालवतात. चिमणी स्वतः आई झाली आहे. माझी चित्रनळी सकाळी गरम व्हायला वेळ घेते, समुद्राचा निळा थोडा उडाला आहे. पण मी चालतो. कारण मला कुणीतरी रोज पुसतं, महिन्याला पाठ उघडून धूळ काढतं, बिघडलं तर फेकायच्या आधी दुरुस्त करून बघतं. मित्रांनो, एवढंच लागतं हो आम्हाला. आणि खरं सांगू? माणसांनाही फार वेगळं लागत नाही. तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या हातात काहीतरी द्या आणि दाराआड उभे राहा.

गेल्या आठवड्यात वहिनींनी ठरवलं की माझ्या बाजूच्या पट्ट्यांना नवा रंग द्यायचा. रंगारीदादा पांढऱ्या केसांचे झाले असले तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देतील का? डबे घेऊन स्वतः आले. गिऱ्हाइकं म्हणाली, "दादा, त्यावर ते उजळलेल्या समुद्राचं चित्र काढा ना! सगळ्यांना दिसेल."

दादांनी ब्रश डब्याच्या कडेला निथळला आणि मान हलवली. "ते मी काढणार नाही," ते म्हणाले. "ज्याला बघायचं असेल, त्याने वर चढावं."

आणि त्यांनी मला खालपासून वरपर्यंत साधा, गडद निळा रंग दिला. रंग अजून ओला आहे. तेव्हा मित्रांनो, दोन दिवस माझ्या अंगाला टेकू नका. दांड्याला मात्र खुशाल हात लावा.